पाटीचं बूड आणि आष्टीचं तूप

आष्टीहून परत आल्यापासून वाडीत जो तो मला एकच विचारतो, "काय रे किसन, काय बघून आलास?" मी सांगतो, तूप बघून आलो. मग खो खो हसतात. तूप बघायला बैलगाडी जुंपून आष्टीपर्यंत जाणारा माणूस आमच्या वाडीनं अजून पाहिला नव्हता. ज्यांनी बीडसुद्धा पाहिलं नाही त्यांनी तरी हसू नये, पण सांगता कोणाला! म्हणून एकदा बैजवार सगळं सांगून टाकतो. रोज रोज वाजायला मी काही डफडं नाही.

निघायच्या आधी

आमची वाडी नांदूरघाटाच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतारावर. जमीन अशी की नांगराला दगड आधी लागतो, माती मागून. त्या उतारावर आमची सीताफळं. बाकीच्यांची झाडं देवानं लावली आणि शेळ्यांनी राखली. आमची निम्म्याहून जास्त मी लावली. दोन उन्हाळे खांद्यावर कावड घेऊन ओढ्याचं पाणी वर वाहिलं. "सीताफळाला पाणी कोण घालतं बे? उद्या बाभळीला दूध पाजशील!" म्हणून लोकांनी माझी हुर्यो केली. पण झाडं जगली. माझा त्यांच्यावर जीव आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी कितीही टवाळी केली तरी त्या सगळ्या वाटेत मला त्यांचाच घोर होता.

घोर लावला आमच्या दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ नामदेव. माळकरी माणूस. खोटं बोलत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून की काय, हसतही नाही. त्या साली आमच्या निजामी मुलखात कापसाचं वारं शिरलं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. एके दिवशी दादा नांदूरघाटच्या बाजारातून आला तो नवी कुऱ्हाड घेऊनच.

"दिवाळी झाली की उतार साफ करायचा," तो म्हणाला. "सीताफळानं पोट भरत न्हाई. पुढल्या पावसाला कापूस."

त्याचं चूक म्हणावं तर तसंही नव्हतं. बाजारात फळं घेणारा बागवान आमची पाटी बघायचासुद्धा नाही. लांबूनच अर्धा भाव सांगायचा. आम्ही म्हणायचो, हा लुटारू. आणि लुटारूला कसं लुटायचं ते आम्हाला भानामामानं शिकवलं होतं.

भानामामा आमच्या आईचा भाऊ, आणि अख्ख्या डोंगरात पाटी भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सीताफळाचा डोळा उघडला, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा फाकून पिवळट झाल्या, की ते फळ तोडल्यावर चार-पाच दिवसांत पिकतं. डोळा मिटलेलं तोडलं तर ते पिकत नाही, हळूहळू काळं पडून दगड होतं. मामा पाटीच्या बुडाला पाला घालायचा, त्यावर डोळे मिटलेले दगड, त्यावर बारकी फळं, आणि सगळ्यांवर डोळे उघडलेल्या फळांचा एक देखणा थर. या थराला आम्ही झाक म्हणतो. सगळा डोंगर अशीच पाटी भरतो. त्याला फसवणूक म्हणायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. पोरींना रांगोळी शिकवतात तशी आमच्याकडं पोरांना झाक शिकवतात.

मी दादाला म्हणालो, "कापूसवाल्याचं भागतं, ज्वारीवाल्याचं भागतं, तूपवाल्याचं तर लईच भागतं. मग आपणच तेवढे येडे कावून? मी जाऊन बघून येतो ते काय करतात."

दादानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "जा. दसऱ्याला मी पाटी घेऊन नारायणगडावर येणार. तिथं भेट. काई सापडलं तर बोल. न्हाई तर दिवाळीनंतर कुऱ्हाडीला दांडा घालायला तूच ये."

आमच्याकडं हंगामातली पहिली पाटी गडावरच्या देवाला वाहिल्याशिवाय फळ विकत नाहीत. खायला आणि पाहुण्याला द्यायला मात्र हरकत नाही. म्हणून मी दोन पाट्या गाडीत चढवल्या. एक वाटेत खायला, एक आष्टीला भेट द्यायला. आष्टीजवळच्या एका गुराख्यांच्या वस्तीवरचं तूप सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात, नगरला जातं, असं ऐकलं होतं. त्या वस्तीची कारभारीण सगुणाबाई म्हणून होती. तिनं नगरच्या व्यापाऱ्याकडं एक शब्द टाकला तर आमची फळंही त्या वाटेनं जातील, असा माझा बेत. भेटीची पाटी मी स्वतः भरली, आणि मामानं वरून हात फिरवला.

मामाला कोणी बोलावलं नव्हतं. पण गाडी जुंपलेली दिसली की मामा आत बसलेलाच असतो.

बीड

मांजरसुंब्याचा घाट उतरताना खाली सगळा मुलूख पिवळा दिसत होता. तरवडाला फुलं आली होती, गवत कमरेएवढं. मामा म्हणाला, "निजाम सरकारला येवढी जमीन हाय, पण त्याला येक पाटी धड भरता येती का? मग?" या 'मग'वर बैलांनी शेपट्या हलवल्या.

बीडला कापसाच्या आडतीवर गेलो. भाव चढायची वाट बघत लोकांनी घरात दाबून ठेवलेला गेल्या सालचा कापूस आता बाहेर निघत होता. गाड्यांची रांग लागलेली. प्रत्येक गाडीवर कापूस कसा पांढराशुभ्र, फुललेला. मामा हरखला. "बघ, बघ! ह्यांनाबी झाक येती!"

इतक्यात आडतीचा मापाडी आला, एक दाढीवाले चाचा. त्यांनी वरच्या कापसाकडं बघितलंसुद्धा नाही. बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत गाडीच्या पोटात खुपसला. हात बाहेर आला तो मूठभर पिवळा, ओलसर कापूस घेऊन. गाडीवाला आभाळाकडं बघायला लागला.

"उप्पर क्या देखते जी," चाचा माझ्याकडं वळून म्हणाले, कारण मी तोंड उघडं टाकून बघत होतो. "उप्पर तो सब की अच्छी रहती. पेट में देखो."

ती गाडी बाजूला काढली. मागच्या गाडीतला कापूस आतबाहेर एकसारखा निघाला, तिचा सौदा तिथंच झाला. मी मामाला म्हणालो, "बघितलं का? हात बुडाला घातला की भाव ठरतो." मामा म्हणाला, "पाटीत हात घालणारा बागवान अजून जन्मायचाय. घातला तर फळं दबत्याल." एवढं म्हणून तो सौदा बघायला पुढं घुसला.

तिथं सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, त्यावर भाव. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. आमच्या बाजारात भाव एवढ्या मोठ्यानं सांगतात की घरी बायकोला आपण पोचायच्या आत कळतो. मामा जवळ उभा राहून बघत होता, तर एका सरकीवाल्यानं त्याला गिऱ्हाईक समजून रुमाल पुढं केला. मामाला वाटलं, ही इथली रामराम करायची रीत. त्यानं रुमालाखाली हात घातला आणि पाची बोटं दाबली, चांगली मायेनं.

"पटलं!" सरकीवाला ओरडला.

सरकीचं एक आख्खं पोतं मामाच्या पायाशी येऊन पडलं. मामानं देवाच्या शपथा घेतल्या, आपण फक्त रामराम केला म्हणून सांगितलं. चार माणसं जमली, सगळी म्हणाली, बोटं दाबली म्हणजे दाबली. शेवटी पैशाऐवजी मामाच्या डोक्यावरचं नवं कोरं पागोटं देऊन प्रकरण मिटलं, आणि पोतं आमच्या गाडीत चढलं. तिथून पुढं मामा डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला, आणि कापसाच्या धंद्यात काही दम नाही असं मला घाटापर्यंत समजावत राहिला.

पाटोद्याच्या अलीकडं

पाटोद्याच्या अलीकडं एका लांबच्या सोयऱ्याकडं उतरलो. तिथं त्या दिवशी ज्वारीचं पेव उघडत होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, आतून कडबा लावलेला. त्यात ज्वारी घालून वर माती लोटतात. तोंड उघडलं की आत लगेच उतरायचं नाही, कोंडलेली हवा माणसाला मारते. म्हणून सगळे काठावर बसून गप्पा मारत होते. सोयऱ्यानं ज्वारी हातावर घेऊन दाखवली. कधीची होती कोण जाणे, पण दाणा खणखणीत.

"भाव न्हाई तर इकायचं न्हाई," सोयरा म्हणाला. "आपल्या पोटातलं कुणाला दिसतंय? जमीन बोलत न्हाई."

मामाच्या डोक्यात तिथंच किडा शिरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाच्या, ज्वारी थांबती तर सीताफळ कावून थांबणार न्हाई? त्याला कुणी थांबवून बघितलंय का?" मी म्हणालो, मामा, नको. मामा म्हणाला, "तू शिकायला आलास का घरी बसायला?" हे मला लागलं. मी खायची पाटी पुढं ओढली.

मामानं खायच्या पाटीतली सगळी चांगली फळं काढली आणि सरकीच्या पोत्यात खोल पुरली. पेव तर पेव. आता ही आष्टीला जाऊन परत येईपर्यंत अशीच राहतील, असं त्यानं मला छातीला हात लावून सांगितलं.

सरकी गरम असते, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कापसाच्या माणसाच्या आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बैल सारखे मागं वळून हुंगायला लागले. पोतं उघडलं तर आत सीताफळं नव्हतीच. नुसता गोड चिखल, आणि त्यात बिया कुठल्या, सरकी कुठली, ओळखू येईना. वर मुंग्यांनी वार्ता गावभर केलेली. आम्ही पोतं बैलांपुढं रिकामं केलं. त्यांनी डोळे मिटून जे खाल्लं, तसं जेवण त्यांच्या बापजाद्यांनीही खाल्लं नसेल. या सगळ्या प्रवासात समाधानी असे तेच दोघे होते.

मी मात्र हादरलो होतो. एवढे दिवस गेले आणि मला काय कळलं? कापसाच्या पोटात हात घालतात आणि सरकी गरम असते. हे सांगितल्यावर दादा काय म्हणेल ते मला तिथूनच ऐकू येत होतं.

आष्टी

आष्टीकडची जमीन आमच्यापेक्षाही उघडीवाघडी. पण तिथल्या माणसाला त्याचं दुःख नाही. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, तिकडं बाजरीची, आणि ती अशी टणक की खाल्ल्यावर माणूस आपोआप कमी बोलतो. सगुणाबाईला मात्र बाजरी लागू पडली नव्हती. ती बोलायला लागली की बैल कान पाडायचे.

वस्तीवर पोचलो तर लिंबाखाली मोठा घोळका. आठवड्याचं तूप तपासायचा दिवस होता. प्रत्येक घरानं आपला तुपाचा बुधला आणून मांडला होता. बुधला म्हणजे चामड्याचा गोल पिंप, तोंड अरुंद, आतलं काही दिसायचं नाही. सगुणाबाई मधोमध बसलेली, हातात लांब लोखंडी सळई. ती सळई बुधल्यात थेट बुडापर्यंत घालायची, बाहेर काढायची, टोकाचं तूप हाताच्या पालथ्या बाजूला चोळायची, वास घ्यायची. पटलं की बुधल्याच्या तोंडाला फडकं बांधायचं, वर ओली माती लिंपायची, आणि मातीवर तिचा अंगठा.

"तो अंगठा बघितला की पल्याडचा व्यापारी बुधला उघडत बी न्हाई," ती आम्हाला बसायला सांगायच्या आधीच म्हणाली. "कावून उघडंल? मी उघडलाय ना!"

"आणि कुणाचं वाईट निघालं तर?" मी विचारलं.

"माझ्या सख्ख्या जावंचं निघालतं. बुडाला जुनं, वर ताजं. समद्यांपुढं म्हसोबाच्या दिव्यात वतलं. लई दिवस जळत हुता दिवा. म्हसोबा तक्रार करत न्हाई." तिनं एका बाईकडं हनुवटीनं दाखवलं. "ती बघा, तीच. आता तिच्याइतकं चोख तूप वस्तीत कुणाचं न्हाई. खरं का न्हाई गं?"

"तुमच्या तोंडाला कोण लागतंय," जाऊ म्हणाली आणि आपला बुधला पुढं सरकवला.

मला वाटलं, हीच वेळ. मी उठलो, गाडीतली भेटीची पाटी उतरवून तिच्यापुढं ठेवली. वरची झाक काय दिसत होती! डोळे उघडलेली, बदामी पिवळी फळं, एकसारखी. बायका जवळ सरकल्या. मी माझा बेत सांगितला. आमची फळं अशी असतात, नगरच्या व्यापाऱ्याला तुमचा एक शब्द मिळाला तर आमचा उतार वाचेल, नाही तर माझी झाडं तुटतील. एवढं तरी मी रंगवून सांगत नव्हतो, ते खरंच होतं.

सगुणाबाईनं मान हलवली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. "झाडं तोडू न्हाईत," ती म्हणाली, आणि बोलता बोलता, दिवसभर जे करत होती तेच तिच्या हातानं केलं. तिनं बाही वर सारली आणि हात पाटीच्या बुडापर्यंत घातला.

मी मामाकडं बघितलं. मामा टॉवेल नीट करत होता.

हात बाहेर आला तो डोळा मिटलेलं, हिरवंगार, मुठीएवढं दगडासारखं फळ घेऊन. तिनं ते आपल्या कानाशी हलवून बघितलं. पुन्हा हात घातला. आणखी एक. मग मूठभर पाला.

"हे काय हो पाव्हणं?"

देवाशपथ सांगतो, मला आठवत नव्हतं. पाटी भरताना मी झाडांचा विचार करत होतो, आष्टीचा विचार करत होतो. खाली कच्ची घालायची असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हातानं आपलं आपण केलं होतं.

"ते... सवयीनं झालं," मामा म्हणाला. "पाटी म्हणलं की हात तसाच जातो."

सगुणाबाई हसायला लागली. अशी हसली की तिला पदर तोंडात कोंबावा लागला. "अगं बया बया! इकायला आणलं असतं तर समजलं असतं. भेट बी अशीच भरलीया! पाव्हण्याला बी झाक!" मग जाऊ हसली, मग सगळा लिंब हसला. म्हसोबाच्या दिव्याचा सगळा सूड जावेनं त्या घटकेला आमच्यावर उगवून घेतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हसणं संपल्यावर तिनं डोळे पुसले. "तुमचा बागवान अर्धा भाव कावून देतो ते कळलं का आता?"

"तो अर्धा देतो म्हणून आम्ही खाली कच्ची घालतो," मामा म्हणाला.

"अन् तुमी खाली कच्ची घालता म्हणून तो अर्धा देतो. दोघंबी हुशार. अन् मरतंय कोण? झाडं." तिनं ते हिरवं फळ माझ्या हातात दिलं. "फळ वाईट न्हाई तुमचं. येवढं फळ झाडावर चार दिस राह्यलं असतं तर सोनं हुतं. तुमचा हात वाईट हाय. त्या पाटीला मी माझा अंगठा लावू व्हय?"

शब्द टाकायचं तिनं साफ नाकारलं. पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, आणि तूप असं की पळी पळी वाढलं. आमच्याकडं तूप बोटानं लावतात आणि वर विचारतात, लागलं का? इथं वाढणाऱ्या बाया भाकरी बुडेपर्यंत थांबायच्या नाहीत. एरवी मी तीन भाकरी मागितल्या असत्या. त्या दिवशी एकीवरच हात धुतले. मामा मात्र पोटभर जेवला. अब्रू गेली म्हणून जेवण कशाला घालवायचं, असा त्याचा हिशेब.

नारायणगड

शिरूरच्या अंगानं आम्ही गडाकडं निघालो. वाटेत मामा दोनदा म्हणाला, "बाई लई फटकळ." तिसऱ्यांदा म्हणाला, "पण तूप चोख हुतं."

दसऱ्याला गडावर मुंगीला वाट नसते. झेंडूच्या माळा, आपट्याच्या पानांचे ढीग, भज्यांचा वास, कुठं भजन, कुठं भांडण. देव आणि बाजार एकमेकांना धक्के मारत उभे. पायऱ्यांच्या खाली दादा दिसला. पहाटे अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला बुक्का, डोक्यावर पहिली पाटी. वाडीतली चार माणसंही बरोबर होती. त्यांनी मामाच्या डोक्यावरचा टॉवेल बघून एकमेकांना कोपर मारलं.

"सापडलं काई?" दादानं विचारलं.

मी लपवलं नाही. लपवून तरी काय, मामा वाडीत पोचल्यावर दोन दिवसांत रंगवून सांगणारच होता. चाचांचा हात सांगितला, सरकी सांगितली, आणि सगुणाबाईनं पाटीच्या बुडातून काढलेलं फळही सांगितलं. ते फळ मी जवळ ठेवलं होतं, ते दाखवलं.

दादाचं तोंड काळंठिक्कर पडलं. "वाडीची अब्रू आष्टीला नेऊन टांगलीस! पाव्हण्याच्या दारात? अरे, चार आण्याची लाज हाय का न्हाई? तुमी मामा-भाचे तसलेच. माझ्या हातानं असलं झालं असतं तर मी हात तोडला असता! ऱ्हाऊ दे आता. दिवाळीनंतर उतार साफ."

संपलं, असं वाटलं मला. डोळ्यांत पाणी आलं, आणि दादाचा रागही आला. मी दोन उन्हाळे वाहिलेली ती कावड माझ्या खांद्याला एकदम टोचायला लागली. मी वर बघितलं. दादाच्या डोक्यावरच्या पाटीत फळं कशी देखणी दिसत होती, एकसारखी, डोळे उघडलेली.

"दादा," मी म्हणालो, "पाटी खाली उतर."

"कावून?"

"बुडाला हात घाल."

"येडा झालास का? देवाची पाटी हाय ही. ओलेत्यानं भरलीय मी, नाव घेत घेत."

"मग घाल की हात. भ्यायचं काय?"

वाडीची माणसं बघत होती. दादा काही कोणाला भिणारा नव्हता. त्यानं पाटी पायरीवर ठेवली, माझ्याकडं रोखून बघितलं, आणि खांदा वाकवून हात सरळ आत घातला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. हात बुडाला पोचला तेव्हा त्याची नजर माझ्यावरच होती. मग ती हलली. हात आतच राहिला. मागची माणसं ओरडली, "चला की म्होरं, देव का तुमच्या एकट्याचा हाय?"

दादानं हात बाहेर काढला. मुठीत डोळा मिटलेलं फळ होतं. हिरवं, दगडासारखं. त्याच्या बोटांना पाला चिकटलेला.

तो पायरीवर बसला. "म्या भरली," तो म्हणाला. "म्या. देवाची." मग मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दादाची कीव आली, आणि त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं. बसलो. मामानं डोक्यावरचा टॉवेल काढला आणि पायरीवर अंथरला.

दादानं पाटी त्या टॉवेलावर ओतली. लोक आम्हाला वळसा घालून जात होते, शिव्या देत होते, त्याला ऐकू येत नव्हत्या. एकेक फळ हातात घेऊन डोळा बघत गेला. उघडलेली पाटीत, मिटलेली टॉवेलात. सगळं वेचून झालं तर पाटीत अर्ध्याहून कमी उरली. तेवढीच घेऊन तो वर गेला. वर्षानुवर्षं भरल्या पाटीनं वर जाणारा माणूस, त्या दिवशी अर्धी पाटी छातीशी धरून चढला. खाली आला तेव्हा सोनं म्हणून आपट्याचं पान माझ्या हातात दिलं, आणि सरळ बैल जुंपायला गेला.

घर

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दाराआडची नवी कुऱ्हाड जागेवर नव्हती. दादाही नव्हता. दिवाळीसुद्धा थांबला नाही हा! तसाच अनवाणी उताराकडं पळालो. मामा मागून "अरे थांब बे!" करत आला, उघड्या डोक्यानं.

अधूनमधून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मी ओरडत वर चढलो, आणि झाडांपाशी जाऊन उभा राहिलो. सगळी झाडं जागेवर होती. मी एकेक बघून घेतलं. दादा खाली ओढ्याच्या काठाला होता. निर्गुडीच्या लांब लांब फोका तोडून त्यानं मोळी केली होती, आणि शेजारी बसून एक पाटी विणायला घेतली होती. पाटी अर्धी झालेली, पण तिचा काठ तिथंच वळवून टाकलेला. ताटाला असतो तेवढाच काठ.

"नुस्ता बघत कावून हुबा राह्यलास?" दादा म्हणाला. "धर फोक. लई इणायच्यात."

"एवढी उथळ?"

"खोल पाटीत माझा बी हात खोटा हुतो. एकच थर मावंल अशी इणायची. बुडच ठिवायचं न्हाई."

मी फोक धरला. तेवढ्यात मामा धापा टाकत पोचला. त्यानं ती पाटी उचलली, वर केली, उलटी केली, आत हात घालून बघितला. हात लगेच निर्गुडीला लागला. साऱ्या जन्माची विद्या कोणीतरी हिरावून घेतल्यासारखा तो कासावीस झाला.

"अरे पण नामदेवा, हिच्यात वरची तेवढी बसतील," तो म्हणाला. "बाकीची कुठं ठिवायची?"

दादानं मान वर न करता उताराकडं बोट केलं.

"झाडावर."